"डेटा नॉर्मल नव्हता, म्हणून स्पिअरमन": या वाक्यात काय चुकतं?

प्रबंधाच्या संशोधन पद्धतीच्या प्रकरणात एक वाक्य इतक्या वेळा दिसतं की ते आता कुणी नीट वाचतही नाही. "शापिरो-विल्क चाचणीनुसार डेटा नॉर्मल वितरणाचा नसल्यामुळे स्पिअरमनचा रँक सहसंबंध वापरण्यात आला." एका प्रबंधातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात हे वाक्य जसंच्या तसं जातं. त्याला जोडून वर्गात तोंडी एक वाक्य सांगितलं जातं: "स्पिअरमन नॉन-पॅरामेट्रिक आहे, त्याला गृहीतकं नसतात."

आज मला या दोन वाक्यांवर टीका करायची आहे. स्पिअरमनच्या पद्धतीवर नाही. ती चांगली आहे आणि मी ती वापरते. टीका आहे ती पद्धत निवडण्याच्या या रेसिपीवर. माझं म्हणणं एवढंच की पिअर्सन आणि स्पिअरमन हे एकाच प्रश्नाचं उत्तर देणारे दोन पर्याय नाहीत. त्यांचे प्रश्नच वेगळे आहेत. त्यामुळे डेटाचं वितरण बघून त्यांच्यात अदलाबदल करणं म्हणजे नकळत आपला संशोधनप्रश्न बदलणं. आणि रँक लावल्याने गृहीतकं नाहीशी होत नाहीत. ती फक्त दिसेनाशी होतात.

आधी, हा गुणांक करतो काय?

चार्ल्स स्पिअरमन यांनी १९०४ साली 'अमेरिकन जर्नल ऑफ सायकॉलॉजी'मध्ये दोन गोष्टींमधला संबंध कसा मोजावा यावर लेख लिहिला. रँकवर आधारलेल्या सहसंबंधाला त्यांचं नाव चिकटलं ते तिथून. कल्पना सोपी आहे. प्रत्येक चलातल्या किमतींना लहानापासून मोठ्यापर्यंत क्रमांक द्या आणि मग त्या क्रमांकांवर पिअर्सनचाच गुणांक काढा. बस्स. स्पिअरमनचा 'रो' म्हणजे रँकवर चालवलेला पिअर्सन.

म्हणून दोघांचे प्रश्न असे होतात. पिअर्सन विचारतो, हे बिंदू एका सरळ रेषेच्या किती जवळ आहेत? स्पिअरमन विचारतो, एक चल वाढत गेलं की दुसरं सतत वाढतच (किंवा सतत कमीच होत) जातं का? अशा एकाच दिशेने चालणाऱ्या संबंधाला मोनोटॉनिक म्हणतात. १, २, ३, ४, ५ या किमतींसमोर २, ४, ८, १६, ३२ ठेवा. पिअर्सनचा गुणांक १ पेक्षा कमी येईल, कारण रेषा वाकलेली आहे. स्पिअरमनचा बरोबर १ येईल, कारण क्रम कुठेही मोडलेला नाही. दोन्ही उत्तरं बरोबर आहेत. तुम्हाला कोणता प्रश्न विचारायचा होता, ते मात्र तुम्हालाच ठरवावं लागतं. शापिरो-विल्क ते ठरवून देत नाही.

चार संच आणि रेसिपीची परीक्षा

फ्रान्सिस अ‍ॅन्स्कम यांनी १९७३ साली 'द अमेरिकन स्टॅटिस्टिशियन'मध्ये चार छोटे डेटासंच दिले. प्रत्येकात ११ जोड्या. चारही संचांत पिअर्सनचा गुणांक जवळपास ०.८१६ येतो, पण आलेख काढले की चारही चित्रं पूर्ण वेगळी. हे उदाहरण तुम्ही बहुधा पाहिलं असेल. ते सांगून झालं की वर्गात पुढे सुचवलं जातं, "म्हणून सुरक्षित राहायचं तर स्पिअरमन वापरा." पण त्याच चार संचांवर स्पिअरमन चालवून काय येतं, हे फारसं कुणी दाखवत नाही. आपण बघू.

पहिला संच: ०.८१८
दुसरा संच: ०.६९१
तिसरा संच: ०.९९१
चौथा संच: ०.५००

पहिला संच साधा आहे. वर चढणारा, थोडा विखुरलेला ढग. पिअर्सन आणि स्पिअरमन जवळपास एकच सांगतात. खरी गंमत पुढच्या तिघांत आहे.

दुसरा संच: चढण आणि उतार

इथे आडव्या अक्षावर ४ ते १४ अशा किमती आहेत. उभ्या अक्षावरची किंमत ४ पासून ११ पर्यंत वाढत जाते आणि ११ नंतर उतरू लागते. सुबक, वाकलेली कमान. समजा आडव्या अक्षावर पिकाला दिलेलं पाणी आहे आणि उभ्या अक्षावर उत्पादन. एका मर्यादेपर्यंत पाणी फायद्याचं, त्यानंतर नुकसानीचं. शेती माहीत असलेल्या कुणालाही यात नवल वाटणार नाही.

आता रो बघा. ४ ते ११ या पहिल्या आठ बिंदूंपुरता तो +१ आहे. ११ ते १४ या शेवटच्या चार बिंदूंपुरता तो −१ आहे. सगळे मिळून ०.६९१. अकरा निरीक्षणांसाठी पाच टक्के पातळीवरची कोष्टकातली किंमत ०.६१८ आहे, म्हणजे निकाल 'सिग्निफिकंट'. प्रबंधात वाक्य उमटतं: "पाणी आणि उत्पादन यांच्यात लक्षणीय धन सहसंबंध आढळला." शिफारशींच्या प्रकरणात त्याचं होतं, "पाणी वाढवावं." ज्या शेतकऱ्याने आधीच ११ च्या पुढे पाणी दिलंय, त्याला हा सल्ला नुकसानीचा आहे.

इथे एक बारकावा लक्षात ठेवा. "संबंध मोनोटॉनिक असणं हे स्पिअरमनचं गृहीतक आहे" असं अनेक नोट्समध्ये लिहिलेलं असतं. ते अर्धंच खरं आहे. संबंध मोनोटॉनिक नसला तरी रो काढता येतो, पी-व्हॅल्यू येते, सॉफ्टवेअर कुरकुर करत नाही. मोनोटॉनिकपणा गणिताला लागत नाही, अर्थाला लागतो. तो नसेल तर रो हा आकडा 'संबंधाची ताकद' सांगत नाही. उलटही खरं: −३ ते +३ या पूर्णांकांसमोर त्यांचे वर्ग मांडा, रो शून्य येईल. संबंध मात्र शंभर टक्के पक्का आहे. म्हणून रो शून्य म्हणजे 'संबंध नाही' असं कधीही लिहू नका.

तिसरा आणि चौथा संच: आउटलायरचं काय?

"डेटात आउटलायर आहे? स्पिअरमन वापरा." रेसिपीतला हा दुसरा सल्ला. तिसऱ्या संचात तो शोभूनही दिसतो. अकरापैकी दहा बिंदू जवळजवळ एका रेषेवर आहेत आणि एक, १३ समोरचा १२.७४, उंच उडालेला आहे. रँक लावल्यावर १२.७४ हा फक्त 'अकरावा' होतो आणि रो ०.९९१ वर जातो. छान.

पण थांबा. तो बिंदू तिथे का आहे, हे विचारलंत का? नोंद करताना अंक चुकला असेल तर तो दुरुस्त करायचा, किंवा कारण लिहून वगळायचा. पण ते खरं निरीक्षण असेल, म्हणजे महापुराचं एखादं वर्ष किंवा वेगळंच काही घडलेलं एखादं गाव, तर कदाचित तुमच्या संशोधनातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तीच असेल. रँक लावून तुम्ही तिचं तोंड बंद केलंत आणि ०.९९१ हा देखणा आकडा मिळवलात. आउटलायर 'हाताळला' म्हणजे समजला, असं होत नाही.

चौथा संच तर हा सल्लाच मोडीत काढतो. इथे दहा जणांची आडवी किंमत एकच आहे, ८. अकराव्याची १९, आणि त्याचीच उभी किंमत सगळ्यात मोठी. स्पिअरमनचा रो येतो ०.५००. हा अर्धा गुण कुठून आला? संपूर्णपणे त्या एका बिंदूतून. तो काढून टाका, उरलेल्या दहांत आडवी किंमत बदलतच नाही, त्यामुळे रो काढताच येत नाही. रँकमुळे टोकाच्या बिंदूचा जोर कमी होतो हे खरं, पण चुकीच्या पद्धतीने गोळा झालेला डेटा त्याने बरोबर होत नाही.

टाय: नोट्समधलं सूत्र इथे फसतं

याच चौथ्या संचात आणखी एक धडा आहे. परीक्षेसाठी आपण सगळ्यांनी पाठ केलेलं सूत्र आठवा: रँकमधल्या फरकांच्या वर्गांची बेरीज घ्या, सहाने गुणा, न(न² − १) ने भागा, आलेलं एकातून वजा करा. हे सूत्र टाय नसतील तेव्हाच नेमकं असतं. चौथ्या संचात दहा किमती सारख्या आहेत, म्हणून प्रत्येकाला सरासरी रँक ५.५ मिळतो. सूत्राने उत्तर येतं ०.६२५. रँकवर सरळ पिअर्सन चालवला तर ०.५००. फरक लहान नाही, आणि बरोबर उत्तर दुसरं आहे.

"पण असा विचित्र डेटा कोण गोळा करतं?" तुम्हीच. पाच पर्यायांची प्रश्नावली दोनशे जणांकडून भरून घेतलीत की 'सहमत' या एकाच खान्यात साठ-सत्तर जण सहज बसतात. त्या सगळ्यांचा टाय. आर हे सॉफ्टवेअर अशा वेळी टाय असल्याने नेमकी पी-व्हॅल्यू काढता येत नाही, असा इशारा देतं. बरेच जण तो दुर्लक्षून पुढे जातात. इशाऱ्याचा अर्थ एवढाच की आता दिलेली पी-व्हॅल्यू अंदाजी आहे. मोठ्या नमुन्यात त्याने फारसं बिघडत नाही; पंधरा-वीस निरीक्षणांत बिघडू शकतं.

रँकमधली अंतरं: न दिसणारं गृहीतक

"माझा डेटा क्रमवाचक आहे, त्यातली अंतरं समान मानता येत नाहीत, म्हणून स्पिअरमन." हे कारण नॉर्मलच्या कारणापेक्षा बरंच चांगलं आहे. तरी त्यातही एक फट आहे.

पुन्हा दुसरा संच घ्या. उभ्या अक्षावरच्या सगळ्यात लहान दोन किमती ३.१० आणि ४.७४ आहेत, रँक १ आणि २. वरच्या टोकाला ९.१३ आणि ९.१४ आहेत, रँक ९ आणि १०. पहिल्या जोडीत फरक १.६४ चा, दुसरीत ०.०१ चा. रँकमध्ये दोन्ही फरक अगदी सारखे: एक. आणि स्पिअरमन हे रँकमधले फरक मोजतो, त्यांचे वर्ग करतो. म्हणजे मूळ किमतींमधलं अंतर मानायला नकार देऊन आपण रँकमधली अंतरं मात्र समान मानली! शिवाय मोजमापात ०.०१ ची चूक सहज होत असेल, तर नववा कोण आणि दहावा कोण हे निव्वळ नशिबावर ठरतं. ज्या लेखातून रँकची ही पद्धत रुजली, त्याच लेखात स्पिअरमन यांनी मोजमापातल्या चुकांमुळे सहसंबंध कसा कमी दिसतो आणि त्याची दुरुस्ती कशी करावी हेही मांडलं होतं. आपण त्यातली रँक उचलली आणि मोजमापाची काळजी तिथेच सोडली.

अंतरांचा प्रश्न खरोखर टाळायचा असेल तर मॉरिस केंडल यांचा टाऊ बघा. तो त्यांनी १९३८ साली 'बायोमेट्रिका'त मांडला. टाऊ फक्त जोड्या मोजतो: निरीक्षणांची कुठलीही दोन घ्या, दोन्ही चलांत त्यांचा क्रम एकच आहे का उलटा? पहिल्या संचात अशा ५५ जोड्या होतात. त्यातल्या ४५ सुलट, १० उलट; फरक ३५, म्हणून टाऊ ३५ भागिले ५५, म्हणजे ०.६३६. या आकड्याचा अर्थ सामान्य वाचकालाही सांगता येतो. टाय खूप असतील तर टाऊ-बी वापरतात.

आणि हो, त्याच डेटावर रो ०.८१८ आणि टाऊ ०.६३६. म्हणजे "०.७ च्या वर असेल तर मजबूत" असं कोष्टक प्रबंधात चिकटवण्याआधी ते कोणत्या गुणांकासाठी आहे, हे विचारा. एकाच डेटाला एक गुणांक 'मजबूत' म्हणेल आणि दुसरा 'मध्यम'.

खरं गृहीतक: निरीक्षणं स्वतंत्र असणं

आता मुख्य मुद्दा. "स्पिअरमनला गृहीतकं नसतात" हे वाक्य सर्वांत जास्त नुकसान करतं ते इथे.

रोची पी-व्हॅल्यू येते कुठून? शून्य परिकल्पना अशी असते की दोन चलांचा एकमेकांशी काहीच संबंध नाही. मग एका चलाचा क्रम तसाच ठेवला तर दुसऱ्याचा कुठलाही क्रम सारख्याच शक्यतेने आला असता. सहा निरीक्षणं असतील तर असे क्रम ७२०. त्यातल्या किती क्रमांत रो आपल्याइतका किंवा त्याहून टोकाचा येतो, ते मोजायचं. यात नॉर्मल वितरण कुठेच नाही. पण "सारख्याच शक्यतेने" हे शब्द पुन्हा वाचा. सगळं गृहीतक त्यांत आहे.

एक उदाहरण घेऊ. १९६१ ते २०११ या सहा जनगणनांमध्ये महाराष्ट्राची लोकसंख्या ३.९६ कोटींवरून ११.२४ कोटींवर गेली आणि प्रत्येक वेळी वाढलीच. त्याच सहा वर्षांची ब्राझीलची लोकसंख्या घ्या. तीही प्रत्येक वेळी वाढलीच. रो बरोबर १. दोन्ही टोकांची पी-व्हॅल्यू २ भागिले ७२०, म्हणजे ०.००२८. कोष्टकात दोन तारे! महाराष्ट्रात मुलं जन्मली म्हणून ब्राझील वाढला का? अर्थात नाही. चूक रँकची नाही. या दोन्ही देश-प्रदेशांत त्या काळात लोकसंख्येचे ७२० क्रम सारखेच शक्य नव्हते. वाढत जाणारा क्रम जवळपास ठरलेलाच होता. काळानुसार वाढणाऱ्या कुठल्याही दोन गोष्टी अशाच एकमेकींना 'लक्षणीय' भेटतात.

दुसरा प्रकार गटांचा. कोकणातले आणि मराठवाड्यातले तालुके एकत्र घ्या, पाऊस आणि भाताखालचं क्षेत्र यांचा रो काढा. कोकणात पाऊसही भरपूर आणि भातही मुख्य पीक. मराठवाड्यात दोन्ही कमी. दोन गटांमुळेच रो मोठा येईल. पण कोकणाच्या आत, किंवा मराठवाड्याच्या आत, तसा संबंध आहे का हे त्या आकड्यातून कळत नाही. आत काहीच नसू शकतं, उलटाही असू शकतो. पाच शाळांतले चाळीस-चाळीस विद्यार्थी घेतलेत तरी हीच अडचण: कागदावर दोनशे निरीक्षणं, पण एका शाळेतली मुलं एकमेकांसारखी असल्याने खरी माहिती दोनशे स्वतंत्र मुलांइतकी नाही. पी-व्हॅल्यू मात्र दोनशेच्या हिशोबाने लहान होते.

यातलं काहीही शापिरो-विल्क पकडत नाही. डेटा नॉर्मल असो वा नसो, हा दोष पिअर्सनमध्ये जितका तितकाच स्पिअरमनमध्ये.

मग नॉर्मल असण्याची तपासणी कशाला?

थोडक्यात सांगते. पिअर्सनचा गुणांक काढायला नॉर्मल वितरण लागत नाही. त्याचा संबंध येतो तो पी-व्हॅल्यू आणि विश्वास-अंतराशी, तेही मुख्यतः नमुना लहान असताना. आणि नेमक्या लहान नमुन्यातच शापिरो-विल्कला विचलन पकडायची ताकद कमी असते. नमुना मोठा झाला की ती किरकोळ विचलनावरही बोट ठेवते, जिथे त्याने फारसा फरक पडत नाही. म्हणजे गरज असते तेव्हा चाचणी गप्प, गरज नसते तेव्हा बोलकी. तिच्या एका पी-व्हॅल्यूवर संशोधनप्रश्न बदलणं शहाणपणाचं नाही.

तुमच्या प्रकरणात काय लिहाल?

आधी स्कॅटर प्लॉट काढा आणि तो प्रबंधात छापा. अ‍ॅन्स्कमचे तीन संच डोळ्यांना दोन सेकंदांत कळतात. आकड्यांना कळत नाहीत. मग स्वतःला विचारा: मला सरळ रेषेतला संबंध हवाय की नुसता क्रम? क्रम हवा असेल तर तो का, हे एका वाक्यात लिहा. निरीक्षणं कुठून आली, त्यांत गट आहेत का, ती काळानुसार लावलेली आहेत का, हे सांगा. टाय किती आहेत आणि त्यांचं काय केलंत, ते नोंदवा. टोकाचे बिंदू असतील तर एकेकाचं नाव घेऊन त्याचं कारण शोधा.

अशा विचारातून आलेलं वाक्य साधारण असं दिसेल: "प्रतिसादकांचे समाधान पाच पातळ्यांवर नोंदवले असल्याने आणि प्रश्न केवळ क्रमाचा असल्याने केंडलचा टाऊ-बी वापरला. आलेखात संबंध एकाच दिशेचा दिसतो. प्रतिसादक पाच शाळांतले असल्याने प्रत्येक शाळेसाठी गुणांक स्वतंत्रपणेही दिला आहे." हे वाक्य जुन्या वाक्यापेक्षा लांब आहे. पण मौखिकीत कुणी "हीच पद्धत का?" असं विचारलं, तर तुमच्याकडे तुमच्या डेटाबद्दलचं उत्तर असेल. "नॉर्मल नव्हता, सर" हे उत्तर डेटाबद्दलचं नाही, सवयीबद्दलचं आहे.